डबाबंद बीन्स आणि एका नटाचा आवाज

आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल त्यांच्या संमतीशिवाय वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अंतरिम मनाई केली. त्याच्या आदल्या वर्षी गायक अरिजित सिंग यांनाही याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले होते. या बातम्या वाचताना अनेकांना एक साधी शंका आली असेल. गीताचे हक्क असतात, ध्वनिमुद्रणाचे असतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण एकही जुने ध्वनिमुद्रण न चोरता, एकही गाणे न उचलता, कोणी नुसता ‘तसा’ आवाज काढला, तर त्यात चोरीला गेले ते नेमके काय? आवाजाचा सातबारा निघत नाही आणि तो तिजोरीतही ठेवता येत नाही.

हा प्रश्न संगणकामुळे उभा राहिला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो १९५९ मध्ये लंडनच्या न्यायालयात एका स्कॉटिश विनोदी नटाने विचारला होता, आणि त्याला निमित्त झाले होते डबाबंद बीन्सच्या दूरचित्रवाणी जाहिरातीचे. नटाचे नाव ॲलिस्टर सिम. त्यांना तेव्हा हवी ती मनाई मिळाली नाही आणि वर थोडी थट्टाही वाट्याला आली. तरीही आवाजावरच्या हक्काचे हे गुंतागुंतीचे प्रकरण समजून घ्यायचे, तर सिम यांच्या आयुष्याइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही. कारण त्यांचा आवाज ही त्यांनी वर्षानुवर्षे खपून घडवलेली गोष्ट होती.

चरित्र अभिनेता म्हणजे कोण?

नायक आणि नायिका यांच्याभोवतीची माणसे उभी करणारा नट म्हणजे चरित्र अभिनेता, ही झाली सोपी व्याख्या. नायकाच्या कामात प्रेक्षक बहुधा त्या ताऱ्यालाच पाहायला आलेला असतो, तर चरित्र अभिनेत्याकडून त्याची अपेक्षा असते ती एका विशिष्ट माणसाची: एखादा बेरकी वकील, बिचकलेला मुख्याध्यापक, खडूस सावकार. असा नट विनोदी असला, तर त्याने हशा मिळवायचा तो त्या माणसाच्या स्वभावातून. विनोदी वाक्ये फेकून नव्हे.

अशा नटाचे भांडवल काय असते, हे मराठी वाचकाला निळू फुले यांच्या उदाहरणावरून चटकन समजेल. शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नकला करणारा कोणीही मुलगा घशातून तो ओढलेला, खर्जातला आवाज काढतो आणि नाव न घेताही सगळ्या सभागृहाला कळते की हे कोण. वेशभूषा बदलते, गाव बदलते, चित्रपट बदलतो. ओळख पटते ती आवाजाने आणि वाक्य टाकण्याच्या पद्धतीने. सिम यांचे इंग्लंडमध्ये तसेच होते. उंच शरीरयष्टी, तरुणपणीच पडलेले टक्कल, लांबट चेहरा आणि उदास दिसणारे मोठे पाणीदार डोळे हे सगळे होतेच, पण डोळे मिटून ऐकले तरी माणूस ओळखता येत असे.

आवाज घडवणारा माणूस

सिम यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९०० रोजी एडिंबरा येथे झाला. वडील शिंपीकामाच्या व्यवसायात होते, आणि आईकडून घरात गेलिक भाषेचा वारसा होता. मुलाने बरे शिकावे अशी वडिलांची इच्छा असल्याने त्याने विद्यापीठात रसायनशास्त्र घेतले. १९१८ मध्ये महायुद्धाच्या अखेरीस लष्करी प्रशिक्षणाचे बोलावणे आले आणि शिक्षण तुटले. परतल्यावर आपल्याला नट व्हायचे आहे असे त्याने घरी सांगितले. ते कोणालाही रुचले नाही. तेव्हा हा तरुण सरळ घराबाहेर पडला आणि सुमारे वर्षभर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, मिळेल ते काम करत फिरणाऱ्या मजुरांच्या संगतीत राहिला.

त्यानंतरचा टप्पा आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. परत आल्यावर त्यांनी कचेरीतली नोकरी धरली आणि सोबत कवितावाचनाचा अभ्यास सुरू केला. त्यातून ते वक्तृत्वाचे, म्हणजे स्पष्ट उच्चार, श्वासाचे नियंत्रण आणि शब्दांवरील आघात यांचे शिक्षक झाले. १९२५ ते १९३० या काळात ते एडिंबरा येथील न्यू कॉलेजात हाच विषय शिकवत होते. या कॉलेजात चर्चचे भावी धर्मोपदेशक तयार होत असत. म्हणजे चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत प्रवचन कसे पोहोचवावे, कुठे थांबावे, कोणता शब्द हलकेच सोडावा हे पाद्र्यांना शिकवणारा मास्तर पुढे विनोदी नट झाला. त्यांच्या अनेक भूमिकांतला तो किंचित धर्मोपदेशकी, किंचित कपटी गोडवा इथून आला असावा, असा माझा तर्क आहे.

रंगभूमीवर व्यावसायिक नट म्हणून ते आले तेव्हा वयाची तिशी जवळ आली होती. १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात ‘ऑथेल्लो’ झाले, ज्यात पॉल रोबसन ऑथेल्लो आणि पेगी ॲशक्रॉफ्ट डेस्डेमोना होत्या. त्यात सिम यांच्या वाट्याला निरोप्याची छोटी भूमिका आली. पुढे ओल्ड व्हिक या नाट्यसंस्थेत शेक्सपिअरची नाटके, १९३२ मध्ये नेओमी प्लास्किट यांच्याशी विवाह, आणि १९३५ पासून चित्रपट. नाटककार जेम्स ब्रायडी हे ग्लासगोचे डॉक्टर. त्यांच्या नाटकांत सिम यांनी कामे केली आणि ती दिग्दर्शितही केली. ही जोडी ब्रायडी यांच्या अखेरपर्यंत टिकली.

दुसऱ्याचा आवाज बदलण्याची त्यांची हातोटी सांगणारी एक हकीकत आहे. १९४० मध्ये युद्धकाळात जॉर्ज कोल नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर एका नाटकात काम करत होता. लंडनवर बॉम्ब पडू लागल्यावर सिम दांपत्याने त्याला आपल्या खेड्यातल्या घरी ठेवून घेतले. तो लंडनच्या कामगार वस्तीतली कॉकनी बोली बोलत असे; नट म्हणून एकाच ठशाची कामे मिळत राहू नयेत यासाठी सिम यांनी त्याच्याकडून उच्चारांची तालीम करून घेतली. कोल पुढे स्वतः नामांकित नट झाले आणि १९५१ च्या ‘स्क्रूज’ चित्रपटात सिम यांच्याच पात्राचे तरुणपण त्यांनी रंगवले.

पडद्यावर तो आवाज काय करत असे

सिम यांच्या पन्नासाहून अधिक चित्रपटांची यादी इथे देण्यात अर्थ नाही. दोन-तीन प्रसंग मात्र पाहण्यासारखे आहेत.

‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६) ही युद्धकाळातल्या एका इस्पितळात घडणारी खुनाची कथा. सिम यात कॉकरिल नावाचे पोलीस निरीक्षक आहेत आणि चित्रपटभर ते आपल्या वरिष्ठाला पाठवायचा अहवाल जणू वाचून दाखवत असतात. अहवालाची भाषा कोरडी, सरकारी. तिच्यातून झिरपणारा आत्मसंतोष मात्र सर्वस्वी आवाजाचा. हेच गृहस्थ रात्री अंथरुणात रहस्यकथा वाचतात, खुनी कोण ते आपण ओळखले म्हणून खूश होतात, शेवटचे पान उघडतात आणि तोंड पाडतात. एक शब्दही न बोलता हशा मिळतो. आवाजाचा मास्तर गप्प कधी बसायचे हेही जाणतो.

‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’ (१९५४) मध्ये त्यांनी मुलींच्या एका अनागोंदी शाळेची मुख्याध्यापिका मिस फ्रिटन आणि तिचा जुगारी भाऊ अशा दोन्ही भूमिका केल्या. इतर शाळांतल्या मुली निर्दय जगाला तोंड द्यायला तयार नसतात, आमच्या मुली बाहेर पडल्या की तयारी जगालाच करावी लागते, अशा अर्थाचे या बाईंचे वाक्य प्रसिद्ध आहे. स्त्रीपात्र करताना आवाज चिरका करून टाळ्या घेणे सोपे होते. सिम यांनी तो मार्ग सोडून एक खानदानी, थोड्या भाबड्या आणि पैशापुढे तत्त्वे सैल करणाऱ्या बाईंचे बोलणे उभे केले, म्हणून ती भूमिका सोंग वाटत नाही.

आणि अर्थात ‘स्क्रूज’. डिकन्सच्या कथेतला हा कंजूष म्हातारा शेकडो नटांनी केला असेल. सिम यांचा स्क्रूज सुरुवातीला शब्दही मोजून खर्च करतो. नाताळच्या सकाळी मन पालटल्यावर मात्र त्याला हसू आवरत नाही, तो गिरक्या घेतो, डोक्यावर उभा राहण्याचा प्रयत्न करतो आणि त्याची मोलकरीण हे वेड पाहून किंचाळत पळते. ज्याने वर्षानुवर्षे हसण्याचा वापरच केलेला नाही अशा माणसाचे ते गंजलेले हसू आहे. अमेरिकेत हा चित्रपट नाताळात पुन्हा पुन्हा दूरचित्रवाणीवर दाखवला जातो, आणि सिम यांना तिथले लोक मुख्यतः याच कामासाठी ओळखतात.

प्रसिद्धी नको असलेला प्रसिद्ध माणूस

इथे पहिला आक्षेप येतो. पैसे घेऊन चित्रपटात काम करणारा नट जाहिरातीत आपल्यासारखा आवाज ऐकून इतका का चिडावा? प्रसिद्धीवरच तर त्याचे पोट असते.

सिम यांचे वागणे पाहिले तर याचे उत्तर मिळते. ते चाहत्यांना स्वाक्षऱ्या देत नसत आणि मुलाखती टाळत. प्रेक्षकाने जे पाहायचे ते रंगमंचावर किंवा पडद्यावर पाहावे, त्यापलीकडे नटावर त्याचा हक्क नाही, अशी त्यांची धारणा होती. मानसन्मानाचे त्यांना वावडे होते असे नाही. १९४८ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना रेक्टर या मानाच्या पदावर निवडून दिले, तेही पुढे पंतप्रधान झालेल्या हॅरॉल्ड मॅकमिलन यांना हरवून. १९५३ मध्ये त्यांनी सीबीई हा सरकारी किताबही स्वीकारला. परंतु पुढे ‘सर’ पदवी देऊ केली गेली तेव्हा त्यांनी ती नाकारली. आपले नाव कुठे लागावे आणि कुठे लागू नये, याचा निर्णय हा माणूस स्वतः घेत असे, आणि कोणत्याही मालाची जाहिरात करणे म्हणजे आपल्या कलेचा बाजार मांडणे, हे त्याचे मत ठाम होते.

१९५९: बीन्सचा डबा न्यायालयात

ब्रिटनमध्ये जाहिराती दाखवणारी दूरचित्रवाणी १९५५ मध्ये सुरू झाली. काही वर्षांतच हाइन्झ कंपनीच्या जाहिरातीत एक आवाज ऐकू येऊ लागला, जो हुबेहूब सिम यांचा वाटे. तो दुसऱ्या नटाने काढलेला होता. सिम यांचे नाव कुठेही घेतलेले नव्हते आणि चेहराही दाखवलेला नव्हता. सिम यांनी कंपनी आणि जाहिरात संस्था यांच्याविरुद्ध दावा केला आणि जाहिरात तातडीने थांबवण्याची मागणी केली.

त्यांच्यापाशी कायद्याची दोन हत्यारे होती. पहिले बदनामीचे: सिम आता बीन्स विकू लागले असे लोकांना वाटेल आणि त्यांची प्रतिष्ठा उतरेल. दुसरे ‘पासिंग ऑफ’चे. आपला माल दुसऱ्याचा आहे असे भासवून विकणे, हा त्याचा अर्थ. ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी लावणारा मिठाईवाला आठवा. शेजारच्या गल्लीत कोणी त्याच रंगाचे खोके आणि तसेच नाव घेऊन बसला, तर गिऱ्हाईक फसते आणि मूळ दुकानदाराने कमावलेला लौकिक दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो. ते थांबवण्यासाठी हा कायदा आहे.

अडचण अशी की मिठाईवाल्याच्या गल्लीत दुसरा मिठाईवालाच आलेला असतो. सिम बीन्स विकत नव्हते आणि हाइन्झ नाटके करत नव्हती. दोघांचे क्षेत्रच वेगळे असेल तर स्पर्धा कसली, असा विचार त्या काळच्या इंग्लिश न्यायालयांत प्रबळ होता. १९४७ मध्ये ‘अंकल मॅक’ या नावाने मुलांचे रेडिओ कार्यक्रम करणाऱ्या डेरेक मॅककलक यांनी, त्यांचेच टोपणनाव लावून विकल्या जाणाऱ्या न्याहारीच्या फुलवलेल्या गव्हाविरुद्ध दावा केला होता, आणि ते याच कारणाने हरले होते. नाव स्पष्ट छापलेले असताना ही गत, तर नुसत्या आवाजाचे काय होणार?

न्यायाधीश मॅकनेअर यांनी सहानुभूती दाखवली. व्यापारी फायद्यासाठी एखाद्याचा आवाज संमतीशिवाय वापरता येत असेल तर तो कायद्यातला गंभीर दोष म्हणावा लागेल, अशा आशयाचे मत त्यांनी नोंदवले. पण अंतरिम मनाई, म्हणजे खटल्याचा निकाल लागेपर्यंतची तात्पुरती बंदी, त्यांनी दिली नाही. अपील न्यायालयानेही दिली नाही. बदनामीच्या दाव्यात अगदी उघड प्रकरण असल्याखेरीज आधीच तोंड बंद करायचे नाही, हा इंग्लिश कायद्याचा जुना दंडक आहे. तोच प्रसंग पासिंग ऑफच्या नावाखाली आणून हा दंडक ओलांडता येणार नाही, असा न्यायालयाचा कल होता. आवाज हा नटाच्या धंद्यातला माल मानता येईल असा युक्तिवाद होऊ शकतो, एवढे अपील न्यायालयाने मान्य केले आणि प्रश्न तिथेच सोडून दिला.

वर्तमानपत्रांना मात्र विषय मिळाला. विनोदी नट, बीन्स आणि न्यायालय एकत्र आल्यावर दुसरे काय होणार?

‘नक्कल तर सगळेच करतात’

हा आक्षेप वजनदार आहे. ‘द लेडीकिलर्स’ (१९५५) या चित्रपटात ॲलेक गिनेस यांनी केलेला दातवाला, गोडबोल्या प्राध्यापक पाहून समीक्षकांना सिम यांची आठवण झाली होती. कलेत असे घेणे-देणे चालतेच. ते बंद केले तर नकलाकारांची सगळी जमात बेकार होईल आणि व्यंग्य मरेल.

फरक उद्देशात आणि प्रेक्षकाच्या समजुतीत आहे. नकलाकाराच्या समोर बसलेल्या माणसाला ही नक्कल आहे हे ठाऊक असते, किंबहुना ते ठाऊक असण्यातच गंमत असते. जाहिरातीतला आवाज ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि ठाऊक नसण्यातच विक्रेत्याचा फायदा असतो. अर्थात दोन टोकांच्या मध्ये मोठा धूसर पट्टा आहे, आणि तो कायद्याने अजून नीट आखलेला नाही.

दुसरा आक्षेप असा की आवाज ही निसर्गाची देणगी. त्यावर मालकी कसली? तो करणाऱ्यांनी न्यू कॉलेजातली ती पाच वर्षे आठवावीत. गळा जन्मतः मिळतो. कुजबुजीपासून एकाएकी उंच उडी घेणारे, मध्येच स्वर ओला करणारे आणि शेवटचा शब्द गिळून टाकणारे ते बोलणे सिम यांनी कमावले होते. बीन्सच्या जाहिरातीला हवे होते ते हेच कमावलेले बोलणे; कोण्या एडिंबराकराचा साधा गळा त्यांना चालला नसता.

पुढे काय झाले

अमेरिकेत उत्तर लवकर मिळाले. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधला भित्रा सिंह रंगवणारे बर्ट लाहर हेही विनोदी नट. धुलाईच्या एका द्रवाच्या जाहिरातीत कार्टून बदकाला त्यांच्यासारखा आवाज दिला गेला, तेव्हा १९६२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्यांचा दावा चालवण्याजोगा ठरवला. १९८८ मध्ये गायिका बेट मिडलर यांनी फोर्ड कंपनीच्या जाहिरातीतल्या नकली आवाजाविरुद्धचे अपील जिंकले. इंग्लंडला वेळ लागला. मोटारशर्यतपटू एडी अर्व्हाइन यांच्या छायाचित्रातला मोबाइल फोन काढून त्यांच्या हातात रेडिओ दाखवणाऱ्या जाहिरातीचे प्रकरण २००२ मध्ये आले, आणि क्षेत्र एक नसले तरी खोटी शिफारस भासवणे हेदेखील पासिंग ऑफच, हे तेव्हा मान्य झाले.

भारतात ‘व्यक्तिमत्त्व हक्क’ या नावाचा स्वतंत्र कायदा नाही. आपले नाव, चेहरा, आवाज यांच्या व्यापारी वापरावर आपले नियंत्रण असावे, हा हक्क न्यायालयांनी खासगीपणा, पासिंग ऑफ आणि कॉपीराइट कायद्यातले कलाकारांचे हक्क यांच्या धाग्यांतून विणला आहे. अनिल कपूर यांना २०२३ मध्ये आणि जॅकी श्रॉफ यांना २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांत तर बोलण्याच्या लकबीही आल्या. हक्क माणसाबरोबर संपतो का, हा वाद उरतोच. सुशांतसिंह राजपूत यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो संपतो असे म्हटले. सिम १९ ऑगस्ट १९७६ रोजी वारले. त्यांच्या पन्नासाहून अधिक चित्रपटांतला आवाज कोणत्याही यंत्राला शिकण्यासाठी उपलब्ध आहे, आणि १९५९ मध्ये त्यासाठी निदान एक जिवंत, कुशल नट शोधावा लागला होता.

न्यायालयात हात रिकामे राहिलेल्या या नटाने १९६७ पासून बीबीसीच्या ‘मिसलीडिंग केसेस’ या मालिकेत न्यायाधीशाची भूमिका केली. कायद्याचा काथ्याकूट करणाऱ्या एका चिवट फिर्यादीपुढे हतबल होणारे न्यायमूर्ती स्वॅलो पाहताना, सिम यांना बीन्सचा डबा आठवत असेल का, असे वाटून जाते. त्याच सुमारास रिचर्ड विल्यम्स यांनी डिकन्सच्या त्याच नाताळकथेवर एक ॲनिमेशनपट केला, जो १९७१ मध्ये आला आणि ज्याला पुढे ऑस्कर मिळाले. त्यातला स्क्रूज रेघांनी काढलेला आहे, सिम स्वतः त्यात कुठेच दिसत नाहीत. तो तोंड उघडतो आणि आवाज येतो तो सिम यांचाच. या वेळी त्यांना विचारले होते, आणि ते हो म्हणाले होते.